एका पावसाळ्यात तीन तुळशी: नेरूळच्या एका घरातलं प्रकरण

हे सगळं लिहून ठेवतेय कारण आम्ही सात-आठ जणं, सगळे वर्षानुवर्षं कुंड्या सांभाळणारे, आणि तरी एका तुळशीचं दुखणं कळायला आम्हाला ऑक्टोबर उजाडला. तोवर दोन तुळशी गेल्या होत्या आणि तिसरी जायच्या वाटेवर होती. ज्यांच्या घरी हे झालं त्या वहिनींना विचारूनच लिहितेय, नाव आणि बिल्डिंग सोडून बाकी सगळं जसं झालं तसं.

आम्ही सकाळी नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई ह्या बागेत फिरायला जातो, दोन चकरा झाल्या की तळ्याकडेच्या बाकावर बसतो, रविवारी तर तासभर सहज जातो. नावांपेक्षा झाडांवरूनच एकमेकांना ओळखतो, जास्वंदवाल्या काकू, अडेनियमवाला दादा, मी कढीपत्त्यावाली ताई, आणि अण्णा, त्यांची सगळी हयात गावाकडे शेतीत गेली, आता मुलाकडे सीवूड्सला असतात. वहिनी आमच्यात दोनेक वर्षांपासून येतात. चौथा मजला, पश्चिमेची बाल्कनी, मोगरा, अबोली, गवती चहा आणि मधोमध पांढरं सिमेंटचं वृंदावन, दोन फूट उंच, सासूबाईंनी हौसेने आणलेलं. त्यातली तुळस दोन वर्षं छान होती, मंजिऱ्या खुडून खुडून झुडूप झालं होतं नुसतं.

जूनमध्ये ती गेली. त्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, १९५० पासूनच्या नोंदीत इतक्या लवकर कधी आला नव्हता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच म्हटलं की जुनं झाड होतं, दमट हवा सोसली नाही, दुसरं आणा. आषाढी एकादशीला, म्हणजे ६ जुलैला, दुसरी आणली. गोपाळकाल्यापर्यंत तिच्या काड्या झाल्या. गणपतीत तिसरी आणली आणि नवरात्र संपता संपता तिची पण पानं पिवळी पडून टपटप गळायला लागली.

आता इथे घरातली परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर ह्या प्रकरणाचं वजन कळणार नाही. सासऱ्यांची अँजिओग्राफी नोव्हेंबरमध्ये ठरलेली. आणि सासूबाईंच्या मनाने घेतलं की तुळस घरावरचं संकट स्वतःवर ओढून घेते, एक गेली, दोन गेल्या, म्हणजे संकट मोठं आहे. त्या कोणाशी वाद घालत नव्हत्या, रडत नव्हत्या, फक्त सकाळी पूजेनंतर वृंदावनासमोर जरा जास्त वेळ बसायच्या आणि तांब्या अगदी काठोकाठ भरून घालायच्या. वहिनींना त्यांच्या काळजीचीच काळजी. शेजारच्या एका बाईंनी विटाळाचा विषय काढला, सुनेचा हात लागत असेल म्हणाल्या, झालं, वहिनींनी महिन्यातले चार दिवस बाल्कनीत जाणंच सोडलं. ह्यात काडीचं तथ्य नाही, मी चाळीस वर्षं सगळे दिवस तुळशीला हात लावलाय आणि माझ्या तुळशी माणसाच्या कमरेएवढ्या झाल्यात. पण झाडाचं नुकसान असं झालं की त्या घरात पानं उलटून बघणारी एकटी वहिनीच होती आणि तिलाच लांब ठेवलं गेलं.

बाकावर सल्ल्यांना तोटा नव्हता. मंजिऱ्या खुडत नसशील, असं एक जण म्हणालं. मुद्दा खराच आहे, तुळशीला बी धरू दिलं की तिची सगळी शक्ती तिकडे जाते आणि झाड लवकर म्हातारं होतं, पण ह्या नव्या रोपांना मंजिरी आलीच नव्हती. मी म्हटलं कीड असेल. तुळशीवर एक बारकी, जाळीदार पंखांची कीड येते, पानामागून रस शोषते, पानं गोळा होऊन करपतात आणि मागच्या बाजूला काळे ठिपके ठिपके दिसतात, ती तिची विष्ठा. माझी एक तुळस २०२२ साली ह्याच किडीने अर्धी केली होती म्हणून माझ्या डोक्यात तेच बसलेलं. वहिनींनी पानामागचे फोटो काढून आणले, आम्ही मोठे करकरून पाहिले, मागची बाजू स्वच्छ, तरी मी कडुनिंबाचं तेल फवारायला लावलंच. अडेनियमवाल्या दादाने खत सांगितलं. कोणी ताक सांगितलं, कोणी चहाचा चोथा, कोणी एप्सम सॉल्ट. आणि वहिनी बिचाऱ्या सगळं करत गेल्या. आज वाटतं, प्रत्येकाने आपापल्या झाडाला जे झालं होतं तेच तिच्या झाडाला झालंय असं धरलं, मी पण, आणि एकाने पण असं विचारलं नाही की कुंडीच्या आत काय चाललंय.

मग आला १२ ऑक्टोबरचा रविवार. त्या दिवशी बाकावर नवी मुंबईच्या नव्या विमानतळाशिवाय विषय नव्हता, ८ तारखेला उद्घाटन झालेलं, दि. बा. पाटलांचं नाव कधी लागणार, विमानं डोक्यावरून गेली तर खाडीत उतरणाऱ्या फ्लेमिंगोंचं काय, असं बरंच झालं. मग गाडी दसऱ्याच्या झेंडूवर आली. जास्वंदवाल्या काकू म्हणाल्या, "ह्या वेळचं तोरण दुसऱ्या दिवशीच काळं पडलं, सगळा भिजका माल होता." अण्णा जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "सप्टेंबरात मराठवाड्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली काकू, तोरणाला फुलं मिळाली हेच पुष्कळ. झेंडूच्या मुळाशी पाणी उभं राहिलं ना की दोन दिवसांत झाड मान टाकतं. बघणाऱ्याला वाटतं तहानलंय, आणि खाली तर सगळा चिखल."

वहिनी एकदम म्हणाल्या, "अण्णा, आमची तुळस अश्शीच मान टाकते."

अण्णांनी विचारलं, माती कशी असते? वहिनींनी आठवून आठवून सांगितलं की दसऱ्याला चार दिवस सगळे माणगावला गेले होते, घर बंद, परत आल्यावर मोगऱ्याची माती कडेने सुटलेली, अबोली लोळलेली, गवती चहा पिवळा, आणि तुळशीची माती मात्र ओलीच होती, म्हणून बरं वाटलं की निदान तिला तरी त्रास झाला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, पश्चिमेच्या बाल्कनीत, चार दिवस पाणी नाही आणि माती ओली. हे ऐकून आम्ही सगळे उठलोच, तिथून थेट वहिनींच्या घरी.

अण्णांनी देवघरातून एक जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी मागून घेतली आणि वृंदावनाच्या मातीत कडेने हळूहळू खाली घातली, बोटभर गेल्यावर जरा अडली मग एकदम सुळकन आत. बाहेर काढली तर वरचा इंचभर भाग जेमतेम ओला आणि त्याखाली पूर्ण काळी, चिकट, आणि वास असा की काकूंनी पदर नाकाला लावला, तुंबलेल्या मोरीचा असतो ना तसा. मी आणि दादाने मिळून रोप मातीसकट वर काढलं. तळाशी चार बोटं पाणी साचलेलं, काळपट, वर तेलकट तवंग. नर्सरीतून येताना रोपाभोवती जो चिकण मातीचा गोळा असतो तो दीड महिन्यानंतर पण जसाच्या तसा, क्रिकेटच्या बॉलसारखा, आणि मुळं गोळ्याच्या आतल्या आत घुसमटलेली. मी एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची तपकिरी साल मोजा निघावा तशी सरकून हातात आली आणि आत नुसता पांढरा दोरा राहिला. मूळकूज, दुसरं काही नाही. निरोगी मूळ पांढरं आणि करकरीत असतं, ओढलं तर तुटतं, साल अशी सुटत नाही.

असं का होतं ते सासूबाईंना अण्णांनी समजावलं ते मला फार आवडलं. म्हणाले, आई, मुळांना पण श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमध्ये हवा असते, तिथे पाणी भरून राहिलं की मुळं गुदमरतात. आणि हे बरोबरच आहे, ऑक्सिजन हवेतून जितका भरभर सरकतो त्यापेक्षा पाण्यातून साधारण १० हजार पट हळू सरकतो, म्हणजे बुडालेल्या मुळापर्यंत तो पोचतच नाही म्हणा ना. मूळ मेलं की ओल्या मातीत उभं असून झाडाला पाणी वर ओढता येत नाही, पानं मलूल होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडतंय. मग तो अजून घालतो. मेलेल्या मुळांवर बुरशी बसते, ती चांगल्या मुळांवर चढते, ह्या चक्रातून झाड सुटत नाही.

पण पाणी साचलं का, वृंदावनाला खाली भोक असतंच की. आम्ही ते आडवं करून बघितलं तर भोकाच्या जागी राखाडी रंगाचा टणक गोळा. वहिनींचे मिस्टर चहाचे कप घेऊन येत होते, ते तिथेच थांबले आणि म्हणाले, "अगं ते तर मी मार्चमध्येच एम-सीलने बंद केलंय." झालं असं होतं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तक्रार केली होती, तुळशीचं लाल पाणी स्लॅबच्या कडेने त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं, दोन पांढरे शर्ट गेले म्हणून. तक्रार रास्तच होती. मिस्टरांनी सोसायटीत भांडण नको म्हणून दहा मिनिटांत भोक बुजवून टाकलं आणि घरात कोणाला सांगायचं राहून गेलं. मार्च ते मे इतकं ऊन की पाणी वरच्या वर उडून जात होतं, जुनी तुळस तगली. पाऊस लागला, हवा दमट झाली, बाष्प उडेना, आणि पाणी तळाशी साठायला लागलं. तारखा जुळवल्या तर सगळं चोख बसतं.

अण्णांनी मग विचारलं, पाणी कोण घालतं? सासूबाई, सासरे, वहिनी आणि कामाच्या मावशी, चौघंही एकदमच म्हणाले, "मी."

हे मी त्याच दिवशी मोजून काढलं, दुधाचं माप घेऊन. सासूबाईंचा पूजेचा तांब्या ६०० मिली. सासरे सूर्याला अर्घ्य देतात, उरलेलं पाणी तुळशीत, ४०० च्या आसपास. मावशी लादी पुसताना सगळ्या कुंड्यांना मगाने घालतात, तुळशीला अर्धा मग तरी, म्हणजे ५००. संध्याकाळी दिवा लावताना वहिनी परत एक तांब्या. दिवसाला २ लिटरच्या वर पाणी, आणि वृंदावनात माती असेल फार तर १० लिटर. एवढ्याशा रोपाला वरची इंचभर माती सुकल्यावर पाव लिटर घातलं तरी पुरे होतं. चौघांपैकी एकानेही जास्त घातलं नव्हतं हो, प्रत्येकाचं आपापलं माप बरोबरच होतं, फक्त बाकीचे तिघं पण घालतायत हे एकमेकांना माहीत नव्हतं.

रोप वाचण्यासारखं नव्हतं पण शेंड्याकडे अजून हिरवेपणा होता, मी म्हटलं लगेच कलमं काढूया. सासूबाईंनी हात धरला. रविवार, रविवारी तुळस तोडत नाहीत. माझं मन घाईला आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून आम्ही थांबलो, रोप तसंच ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलं. एका रात्रीने काही बिघडलं नाही. सोमवारी सकाळी सासूबाईंनी आधी तुळशीला नमस्कार केला आणि स्वतःच्या हाताने सात शेंडे कापले, चार-पाच इंचाचे, कोवळे, काष्ठ न झालेले. खालची पानं काढून टाकली आणि काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवले, स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथे उजेड आहे पण थेट ऊन नाही. पाणी एक दिवसाआड बदलायचं. मला आश्चर्य वाटलं ते सासूबाईंचं, रोज सकाळी चष्मा लावून पेल्यात बघायच्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांचाच फोन आला, "अगं, पांढरे पांढरे फुटलेत!" सातातले तीन कुजले, चारांना मुळं आली.

तोपर्यंत वृंदावनाची सोय केली. मिस्टरांनी ड्रिलने भोक मोकळं केलं आणि बाजूला अजून एक पाडलं. पण खालच्या काकांचं काय, तो प्रश्न आधी सोडवायला हवा होता नाहीतर सहा महिन्यांनी परत कोणीतरी भोक बुजवलं असतं. शेवटी असं केलं की तुळस साध्या आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत लावायची, खाली चार भोकं, आणि ती कुंडी वृंदावनाच्या आत विटेच्या तुकड्यांवर ठेवायची, म्हणजे बाहेरून वृंदावन तसंच दिसतं. वृंदावनाखाली जुनी पितळी परात, निथळलेलं पाणी तिच्यात पडतं, ते मोगऱ्याला जातं. काकांना वर बोलावून परात दाखवली, त्यांनी वाकून पाहिली, खालून हात फिरवून पाहिला, आणि म्हणाले ठीक आहे, पण पावसाळ्यात भरून वाहिली तर? त्यांचं बरोबर आहे, पावसाळ्यात परात रोज रिकामी करावी लागणार.

मातीचं थोडं सविस्तर सांगते कारण आपल्याकडे इथेच चुकतं. नर्सरीतली लाल माती एकटी वापरली की पावसाळ्यात तिचं लादीसारखं होतं. आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हलकं म्हणून लोक भरभरून घालतात, ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं, गॅलरीतल्या उन्हाळ्यात चांगलं, पण जिथे चार माणसं पाणी घालणार आहेत तिथे घातकच. आम्ही दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग विटांचा चुरा आणि भरड वाळू असं घेतलं, कोकोपीट शून्य. मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा शेणखतात कालवून. ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी, कुजवणाऱ्या बुरशीला वाढू देत नाही, पण ती आधी घालायची, मुळं कुजल्यावर ओतून उपयोग नाही. जुनी माती फेकली नाही, काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून गच्चीत ऊन द्यायला ठेवली, दोन-तीन आठवडे कडक ऊन मिळालं की फुलझाडांना चालते. आणि हो, इथून पुढे नर्सरीतून रोप आणलं की तो गोळा बादलीत भिजवून हलक्या हाताने मोकळा करायचा आणि मगच लावायचा.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि खरी भीती मला तिथेच होती. सत्तरी उलटलेल्या बाईला, जी लग्न झाल्यापासून रोज तुळशीला पाणी घालतेय, तिला आम्ही काय सांगणार की घालू नका? सासऱ्यांना अर्घ्याचं पाणी बेसिनमध्ये ओता म्हणणार? अण्णा पण गप्प होते. उत्तर सासूबाईंनीच काढलं. पंचपात्रातली पळी उचलली आणि म्हणाल्या, "देवाला पळीनेच तर देतो की पाणी. तुळशीला पण पळी." आता चौघंही एकेक पळी घालतात, चार पळ्यांनी माती भिजत पण नाही, आणि खरं पाणी एकट्या वहिनी घालतात, महिन्यातले सगळे दिवस, हे पण सासूबाईंनीच ठरवलं. कुंडीत अगरबत्तीची एक काडी कायमची खोचून ठेवलीय. उपसून बघायची, कोरडी निघाली तर घालायचं, माती चिकटून आली तर नाही.

भाऊबीजेला चारही रोपं मातीत गेली. २ नोव्हेंबरला तुळशीचं लग्न. रोप वीतभर सुद्धा नाही, उसाच्या मांडवात ते दिसेना, चिंचा-आवळे त्याच्यापेक्षा मोठे, तरी वहिनींनी हिरव्या बांगड्या वृंदावनाच्या कडेला मांडल्या, मंगलाष्टका झाल्या, अण्णांनी अंतरपाट धरला. सासऱ्यांची अँजिओग्राफी त्यानंतरच्या आठवड्यात झाली, एक स्टेंट बसवला, आता ते बाकापर्यंत चालत येतात.

उरलेल्या तीन रोपांपैकी एक माझ्याकडे, एक अण्णांकडे, आणि एक सासूबाई स्वतः जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर देऊन आल्या. वृंदावनातलं रोप डिसेंबरात नऊ इंच झालं, पहिली मंजिरी वहिनींनी खुडली, ती देवाला वाहिली. थंडीत तुळस थोडी पानं टाकते, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय. काल खालच्या काकांनी लिफ्टमध्ये गाठलं, त्यांच्या रोपाची खालची पानं पिवळी पडतायत म्हणे, कुंडी चिनी मातीची आहे, खाली भोक आहे की नाही ते त्यांनी पाहिलेलं नाही. रविवारी काडी घेऊन त्यांच्याकडे जायचंय.